पीएस५, सिरीज एस की स्विच २? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरासाठी सल्ला हवाय

पूर्वभाग_११

नमस्कार मंडळी. घरात पहिलाच कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घ्यायचाय. दुकानात विचारलं की टेराफ्लॉप आणि ४के सोडून काही ऐकायला मिळत नाही. त्यातून आमच्या घराला काय लागतं ते काही कळत नाही, म्हणून सगळी परिस्थिती इथे मांडतो.

घर अशोक चौकाच्या बाजूला, गल्लीत यंत्रमाग चालू असतात. टीव्ही ३२ इंची, एचडी रेडी, सात वर्षं जुना. इन्व्हर्टर ९०० व्हीए, बॅटरी १५० एएच. नेट ४० एमबीपीएस. खेळणारे तिघं. आम्ही दोघं भाऊ, आम्हाला टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ हे मारामारीचे गेम शेजारी बसून खेळायचेत, ऑनलाइन फारसं नाही. तिसरी दहा वर्षांची पुतणी, तिने आजवर फक्त मोबाइलवर खेळलंय.

सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) स्लिम, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आणि निन्टेंडोचा स्विच २ यांतलं काय घ्यावं? एप्रिल-मेच्या उन्हात ही यंत्रं टिकतात का? आणि एक जरा वेगळा प्रश्न: मारियोची उडी हाताला बरोबर लागते, मोबाइलवरच्या तशाच दिसणाऱ्या गेममधली उडी मात्र चुकत राहते. हा फरक यंत्राचा की गेम बनवणाऱ्याचा?

---

फ्रेममोजणी

कन्सोलच्या आधी टीव्हीचं बघा. तुमच्या दोन्ही गेमचा जीव वेळेच्या हिशोबात आहे.

टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर चालतात, म्हणून एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. टेकनमधला साधा जॅब, म्हणजे हलका ठोसा, १० व्या फ्रेमला लागतो. स्ट्रीट फायटर ६ मधले सगळ्यात झटपट ठोसे ४ थ्या फ्रेमला. आता जुना टीव्ही चित्र गुळगुळीत करणं, डाग काढणं, रंग खुलवणं या कामांत ८० मिलिसेकंद घेत असेल, तर समोरच्याने हात उचललेला तुम्हाला जवळजवळ ५ फ्रेम उशिरा दिसतो. मग कितीही महागडा कन्सोल आणा, ब्लॉक उशिराच पडणार आणि दोष स्वतःच्या हाताला लागणार. म्हणून आधी मोजा. दुकानातून काही आणायची गरज नाही:

मोबाइलचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा. कुणाचा तरी कन्सोल तासभरासाठी आणा, नाहीतर लॅपटॉप एचडीएमआयने जोडा. कॅमेऱ्यात बटणावरचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही एकत्र दिसायला हवेत. बटण दहा वेळा दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण तळाला टेकल्यापासून पडद्यावरचं पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४० च्या व्हिडिओत एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. आधी टीव्हीच्या नेहमीच्या सेटिंगवर मोजा, मग गेम मोडवर (या सेटिंगमध्ये टीव्ही ही प्रक्रिया कमी करतो), आणि दहांची सरासरी काढा. येणाऱ्या आकड्यात गेमचा आणि कंट्रोलरचा उशीरही मिसळलेला असतो, त्यामुळे एकट्या आकड्यावरून काही ठरवू नका. दोन सेटिंगमधला फरक तेवढा टीव्हीचा. गेम मोड नसेल तर त्या एचडीएमआय पोर्टचं नाव ‘पीसी’ करून बघा, बऱ्याच टीव्हींत त्याने प्रक्रिया बंद होते.

आता उडीबद्दल. यंत्राचा भाग थोडा आहे, पण मोठा हात रचनेचा. चांगल्या प्लॅटफॉर्म गेममध्ये (उड्या मारत पुढे जायचे मारियोसारखे गेम) पात्र कड्यावरून पुढे गेल्यावरही अगदी थोडा वेळ उडी चालते. बनवणारे याला कोयोटी टाइम म्हणतात. २०१८ च्या सेलेस्टमध्ये हा अवधी ०.१ सेकंद आहे, म्हणजे ६० च्या हिशोबाने ६ फ्रेम. जमिनीला पाय टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तरी तो दाब लक्षात ठेवला जातो आणि टेकताक्षणी उडी होते, त्याला जंप बफर म्हणतात. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त ‘बरोबर लागली’ एवढं जाणवतं. मोबाइलवरच्या पुष्कळ गेममध्ये ही सवलत ठेवलेलीच नसते. शिवाय काचेवरच्या बटणाला कडा नाही, अंगठा कधी सरकला ते बोटाला कळत नाही. उडी चुकते ती या दोन कारणांनी.

मारियोत याच्यापुढची गोष्ट आहे. १९८५ च्या मारियोच्या पहिल्याच पातळीत ठोकळ्यातून निघालेला मशरूम उजवीकडे जातो, पाइपला आपटतो आणि तुमच्याकडे परत येतो. नवशिक्या त्याला चुकवायला गेला तरी वरचे ठोकळे डोक्याला लागून तो बहुधा मशरूमवरच पडतो, आणि मोठा होतो. एक शब्दही न लिहिता ‘हे चांगलं असतं’ एवढं शिकवून झालं. सुपर मारियो ३डी लँडचे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी पातळ्या रचायची चार पावलं सांगितली आहेत: कल्पना सुरक्षित जागी दाखवायची, मग अवघड करायची, मग तिला अनपेक्षित वळण द्यायचं, आणि शेवटी एकदा मनसोक्त वापरू देऊन सोडून द्यायची. पुतणीला कुठलाही गेम देताना पहिली दहा मिनिटं शेजारी बसून बघा. नवीन गोष्ट पहिल्यांदा येते तिथे खाली खड्डा आहे की सपाट जमीन? सपाट असेल तर बनवणाऱ्याने मुलांचा विचार केलाय असं समजा.

---

माग_आणि_मदरबोर्ड

फ्रेममोजणींनी टीव्हीचं सांगितलं, मी धूळ, ऊन आणि लाईट एवढंच बोलतो. पूर्व भागात हे तीन नीट सांभाळले नाहीत तर बाकी सगळं वाया.

सूत. मागाजवळच्या घरातली धूळ साधी नसते. ती तंतूंची असते, आणि तंतू एकमेकांत अडकतात. कन्सोलच्या पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेवर आधी करडी रेघ दिसते, मग तिची लोकरीसारखी पट्टी होते. चिमट्याने एक टोक धरलं तर अख्खी सोलून येते. ती पट्टी हवा अडवते, पंखा जोरात फिरायला लागतो आणि आणखी तंतू ओढतो. इतरत्र सहा महिन्यांनी केलेली सफाई चालते, तुमच्याकडे सहा आठवड्यांनी करा.

पीएस५ ची बाजूची कव्हरं स्क्रू न काढता निघतात. वायर काढा, अर्धा तास थंड होऊ द्या, कव्हर काढा. पंख्याचं एक पातं कानाच्या काडीने धरून ठेवा, कारण हवेच्या झोताने पंखा गरागरा फिरला तर बेअरिंगला आणि सर्किटला दोन्हीला धोका. मऊ ब्रशने तंतू सुटे करा, व्हॅक्यूम सगळ्यात कमी वेगावर दोन इंच लांब धरून ओढा. जुन्या जाड मॉडेलला कव्हराखाली धूळ साचायची दोन भोकं मुद्दाम दिलेली आहेत, तिथेही नळी लावा. गॅरेजच्या कम्प्रेसरने हवा मारू नका, त्यात पाणी असतं आणि दाब फार. यापुढे आत जाऊ नका. प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यामध्ये द्रव धातू आहे. तो आतल्या सर्किट बोर्डावर सांडला तर शॉर्ट.

ऊन. पीएस५ च्या पुस्तिकेत वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर ४२-४३ असतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. दुपारी १२ ते ५ कूलर लावल्याशिवाय जड गेम लावू नका. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने कूलर चांगलं काम करतो, पण त्याचा ओला झोत थेट कन्सोलवर नको. भिंतीपासून सगळीकडून किमान १० सेंटीमीटर जागा सोडा. काचेच्या दाराचं शोकेस, वर क्रोशाचा रुमाल, शेजारी सेट टॉप बॉक्स, हे तिन्ही टाळा. गरम झाल्याची सूचना पडद्यावर आली तर बटण दाबून नीट बंद करा, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करू नका.

लाईट. इन्व्हर्टरला ईको आणि यूपीएस असा खटका असतो का बघा. ईकोवर लाईट गेली की बॅटरीवर यायला वेळ लागतो आणि कन्सोल बंद पडतो. यूपीएसवर हा बदल इतका झटकन होतो की तो चालू राहतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर घुरघुर येऊ शकते, प्युअर साइन वेव्ह असेल तर निर्धास्त राहा.

आता हिशोब. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. एवढ्या भाराला त्यातले ६० टक्के धरा, म्हणजे १०८०. पीएस५ स्लिम जड गेमला साधारण २१० वॅट घेतो, टीव्ही ५०, दोन पंखे आणि दिवे १५०. एकूण ४१०, इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीवर ५१० च्या आसपास. म्हणजे सुमारे दोन तास. सिरीज एस ७०-८० वॅटमध्ये भागवतो, त्यावर तीन तास निघतात. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर दोन्ही आकडे निम्मे करा.

रेस्ट मोड (कन्सोल पूर्ण बंद न होता झोपेत राहतो ती अवस्था) बंदच ठेवा. त्या अवस्थेत अपडेट चालू असताना वीज तुटली की पुढच्या वेळी स्टोरेज दुरुस्तीचा पडदा येतो. तो आला तर पूर्ण होऊ द्या. त्यानंतरही अडखळला तर सेफ मोड: बंद अवस्थेत पॉवर बटण दाबून धरा, दुसरी बीप साधारण सात सेकंदांनी येते, मग सोडा. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा, पाचव्या पर्यायात डेटाबेस रीबिल्ड करा. गेम पुसले जात नाहीत. सातवा पर्याय चुकून दाबू नका, त्याने सगळंच पुसून सिस्टीम नव्याने बसते.

---

जॉयकॉन_जुळे_सोलापूर

पुतणीच्या बाजूने मी बोलतो. दहा वर्षांच्या मुलीसाठी स्विच २ इतका विचार करून बनवलेला दुसरा कन्सोल नाही. डब्यातच दोन जॉयकॉन (छोटे सुटे कंट्रोलर) येतात, दोघांनी आडवे धरले की दोन खेळाडू. मारियो कार्टमध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून स्मार्ट स्टिअरिंग आहे, आणि मागे पडणाऱ्याला जास्त ताकदीच्या वस्तू मिळतात. हे कुणाची भीड म्हणून केलेलं नाही. मोठा भाऊ आणि लहान मुलगी शेवटच्या वळणापर्यंत एकाच शर्यतीत राहावेत म्हणून रचनेतच घातलंय. लाईट गेली की डॉकमधून (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमधून) उचला, ७.९ इंची पडद्यावर तोच खेळ पुढे चालू. ५२२० एमएएच बॅटरी, निन्टेंडो स्वतः २ ते ६.५ तास सांगतं.

अडचणीही सांगतो. निन्टेंडो भारतात अधिकृत विक्री करत नाही, जे मिळतं ते बाहेरून आणलेलं. जपानची स्वस्त आवृत्ती कुणी दिली तर घेऊ नका, ती फक्त जपानी भाषेत आणि जपानच्या खात्यावर चालते. आतली जागा २५६ जीबी, वाढवायला फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्ड चालतं, मोबाइलमधलं जुनं कार्ड नवीन गेमसाठी चालत नाही. काही गेमच्या कार्टरिजमध्ये गेमच नसतो, फक्त किल्ली असते आणि सगळं डाउनलोड करावं लागतं. डब्यावर गेम-की कार्ड लिहिलंय का ते वाचून घ्या.

स्ट्रीट फायटर ६ स्विच २ वर आहे. टेकन ८ नाही.

---

हिरवा_एक्स

टेकन ८ नाही म्हटल्यावर दोघा भावांसाठी स्विच तिथेच संपला की. राहता राहिले पीएस५ आणि सिरीज एस, आणि एचडी रेडी टीव्हीवर सिरीज एस कमी पडतो हे मला मान्य नाही. तुमचा पडदा १३६६ बाय ७६८ चा. सिरीज एस १४४०पी (एचडी आणि ४के यांच्या मधलं रिझोल्यूशन) डोळ्यासमोर ठेवून बनवलाय. ४के साठीचे जास्तीचे पैसे तुमच्या टीव्हीवर दिसणारच नाहीत. लहान, थंड आणि इन्व्हर्टरला हलका.

फक्त दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून स्वीकारा. पहिली: डिस्क नाही, आणि ५१२ पैकी वापरायला साधारण ३६४ जीबीच मिळतात. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर उतरायला साडेपाच तास लागतात, तेही नेट सलग पूर्ण वेगाने चाललं तर. म्हणून यूएसबी ३ ची साधी हार्ड डिस्क जोडा. सिरीजचे गेम त्यावरून चालत नाहीत, पण ठेवता येतात. परत आत आणायला १०० जीबीला १७-२० मिनिटं. पुसून पुन्हा उतरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरी: रॅम १० जीबी, मोठ्या सिरीज एक्समध्ये १६. याचा परिणाम गेमच्या रचनेवरही होतो. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर उशिरा आला, कारण पडदा विभागून दोघांनी खेळायची सोय सिरीज एसवर बसेना. शेवटी ती सोय एसवर न देताच डिसेंबरमध्ये आला. एकत्र बसून खेळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, डब्यावर ‘एक्सबॉक्स सिरीज’ लिहिलं म्हणजे एक्स आणि एसवर सगळं सारखं असतं असं नाही.

---

फ्रेममोजणी

हिरवा_एक्स, टीव्हीबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण डिस्क नसणं मला जास्त जड वाटतं. ४० एमबीपीएसच्या घरात डिस्कवरून गेम बसवला की फक्त अपडेट उतरवावं लागतं, आणि खेळून झालं की डिस्क विकता किंवा बदलता येते.

एसएसडीचं (फिरता भाग नसलेल्या वेगवान स्टोरेजचं) थोडं सांगतो, कारण दुकानदार ‘लोडिंग लवकर’ एवढंच बोलतात. पीएस४ मध्ये फिरती हार्ड डिस्क होती, सेकंदाला फार तर १०० एमबी. म्हणून त्या काळच्या गेममध्ये दोन मोठ्या जागांच्या मध्ये अरुंद कपारीतून अंग चोरून जायचा प्रसंग किंवा हळू चालणारी लिफ्ट घालावी लागायची. तेवढ्या वेळात पुढचा भाग लोड व्हायचा. शोधायला वेळ जाऊ नये म्हणून एकच टपालपेटी डिस्कवर शेकडो ठिकाणी नकलून ठेवली जायची. पीएस५ सेकंदाला ५.५ जीबी वाचतो. २०२१ च्या रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टमध्ये एका दारातून उडी मारली की दुसरं जगच समोर येतं, ती कल्पना हार्ड डिस्कवर अशी सलग चालली नसती. चित्र किती बारीक यापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो, आणि तो ३२ इंची टीव्हीवरही तितकाच जाणवतो.

आपल्याकडचं एक नाव पुतणीसाठी, थोडी मोठी झाल्यावर: पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम, २०२० चा. पहाडी चित्रशैलीतले रंग आहेत. कॅमेरा गेम स्वतःच सांभाळतो, त्यामुळे नवख्या हाताला उजवी स्टिक फिरवण्याचं ओझं नाही. तिन्ही कंपन्यांच्या कन्सोलवर चालतो.

---

पूर्वभाग_११

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राचा कन्सोल आणून मोजलं. नेहमीच्या सेटिंगवर सरासरी ५२ फ्रेम, पोर्टचं नाव पीसी केल्यावर ३१. इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे, खटका ईकोवर होता, तो यूपीएसवर केला. या आकड्यांवर टीव्ही बदलायला हवा का? आणि पीएस५ घेतला तर पहिल्या दिवशी नेमकं काय काय करायचं?

---

फ्रेममोजणी

२१ फ्रेमचा फरक म्हणजे ८७ मिलिसेकंद, टेकनच्या ५ फ्रेमपेक्षा जास्त. एवढं एका नावाच्या बदलाने फुकट मिळालं. उरलेल्या १२९ मिलिसेकंदांमध्ये गेम आणि कंट्रोलरचाही वाटा आहे. दोघं घरातच खेळणार असाल तर उशीर दोघांना सारखाच, त्यामुळे टीव्ही राहू द्या.

डिस्कवाला पीएस५ स्लिम घ्या, सोबत दुसरा कंट्रोलर. ड्राइव्ह वेगळी घेऊन नंतर बसवणार असाल तर पहिल्यांदा जोडताना नेट लागतंच.

पहिल्या दिवशी: एचडीआर बंद, रिझोल्यूशन ऑटोमॅटिक. सेव्ह्ड डेटा अँड गेम/अॅप सेटिंग्जमध्ये गेम प्रीसेट्स आहे, तिथे परफॉर्मन्स मोड निवडा. ज्या गेममध्ये दोन पर्याय असतात त्यात ३० ऐवजी ६० फ्रेमचा आपोआप लागतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

पुतणीला अॅस्ट्रोज प्लेरूम लावून द्या, तो आधीपासून आत असतो आणि वेगळे पैसे लागत नाहीत. पडलं तरी जवळच पुन्हा सुरू होतं. वाळू, काच, पाऊस यांतला फरक तळहाताला कळतो, आणि ट्रिगर कुठे किती दाबायचा हे बोटाला आपोआप बसतं.

जागा कमी पडेल तेव्हा एम.२ एसएसडी: पीसीआयई जेन ४, वाचन सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंकसकट. हीटसिंक धरून एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर झाकण बसत नाही. ऑनलाइन घेताना हा एकच आकडा लोक बघायचा विसरतात.

आणि टेकन डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या बाणांच्या बटणांवर) खेळायची सवय लावा. डाव्या स्टिकच्या आत कार्बनची पट्टी असते, ती घासून झिजली की पात्र हात न लावता चालायला लागतं. तो भाग बदलायचा तर १४ ठिकाणचं सोल्डर काढावं लागतं आणि नंतर कॅलिब्रेशनही. वॉरंटी चालू असेपर्यंत कंट्रोलर उघडू नका. बिल मात्र पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाळ्यात पुसट होतात.